काजळी, खाचा आणि विटा : केंटमधल्या एका जुन्या शेतघराची मोजणी

आग्नेय इंग्लंडमधल्या केंट परगण्याच्या वील्ड भागातलं हे शेतघर रस्त्यावरून पाहिलं तर अठराव्या शतकातलं वाटतं. लाल विटांची सपाट दर्शनी भिंत, मधोमध दार, दोन्ही अंगांना वर-खाली सरकणाऱ्या तावदानांच्या खिडक्या, सगळं जोडीजोडीनं. छपराकडे नजर गेली की मात्र हिशोब जुळेनासा होतो. दोन मजल्यांच्या बेताच्या घरावर जवळजवळ भिंतींइतकंच उंच छप्पर, चारही बाजूंनी उतरतं, आणि दोन्ही टोकांना आढ्याखाली छोटी त्रिकोणी तोंडं. धुराडंही दाराच्या रेषेत नाही, चांगलं चार-पाच फूट बाजूला सरकलेलं. विटा एक सांगतात आणि छप्पर दुसरंच. अशा वेळी छपरावर विश्वास ठेवायचा. दर्शनी भाग लोकांना दाखवण्यासाठी बदलला जातो, माळ्यातल्या वाशांवर कोणी पैसा घालवत नाही. म्हणून मोजणीची सुरुवात वरून.

माळ्यावर सामान थोडकंच न्यावं. ५ मीटरची टेप, लेझर, ओळंबा, डोक्याला लावायचा दिवा आणि हातात धरायची वेगळी बॅटरी. ही हातातली बॅटरी विसरून चालत नाही, कारण सुतारांच्या खुणा समोरून टाकलेल्या उजेडात दिसतच नाहीत. उजेड लाकडाला घासून गेला पाहिजे. गुडघे टेकायला दोन फळ्या लागतात. हल्लीच्या इन्सुलेशनच्या कापसाखाली कड्या झाकलेल्या असतात, दोन कड्यांच्या मध्ये फक्त पट्ट्यांवरचा गिलावा, आणि तिथे पाय पडला तर माणूस खालच्या निजायच्या खोलीत. तोंडावर एफएफपी३, म्हणजे बारीक धूळ अडवणारा, मास्क हवाच. वटवाघळांच्या लेंड्या दिसल्या तर काम थांबवून तज्ज्ञाला बोलवावं लागतं; इंग्लंडमध्ये त्यांच्या बसायच्या जागेला धक्का लावणं गुन्हा आहे. लेंडी उंदराची की वटवाघळाची हे ओळखणं सोपं: कागदात धरून चिमटीत दाबली की वटवाघळाची भुगा होते आणि त्यात किड्यांच्या पंखांचे तुकडे चमकतात, उंदराची कडक राहते.

वर पहिली शोधायची गोष्ट काजळी. मध्ययुगीन घराचा मधला भाग, म्हणजे हॉल, जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा असे. जमिनीवर उघडी चूल, धुराडं नाही, धूर वर चढून छपरातल्या फटींतून बाहेर. कोकणातल्या जुन्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या वाशांना जो काळा मुलामा चढलेला असतो, तोच इथे ओकच्या वाशांवर आहे. धुळीपासून तो वेगळा ओळखता येतो. धूळ वरच्या बाजूंवर बसते, काजळी लाकडाच्या सगळ्या उघड्या बाजूंवर. बोटानं पुसली तर धूळ निघते, काजळी निघत नाही, ती लाकडात मुरलेली असते. खात्रीची जागा म्हणजे सांध्याच्या फटी आणि वाशाची कौलांकडची पाठ: धूर पोचला नाही तिथे ओक अजून पिवळट. काजळी धरलेल्या लाकडांच्या मध्येच एखादं स्वच्छ लाकूड आलं, तर ते उघडी चूल बंद झाल्यानंतर घातलेलं किंवा दुसरीकडून आणलेलं.

या घरात काजळी मधल्या दोन खणांत आहे आणि दोन्ही टोकांच्या खणांत नाही. हॉल आणि टोकांच्या मधल्या कैच्या कुडानं बंद केलेल्या. कुडाची हॉलकडची बाजू काळी, पलीकडची मातीच्या रंगाची. एवढ्यावरून मूळ घराचा आराखडा हाती येतो. मध्ये दोन खणांचा हॉल. एका टोकाला मालकाची बाजू, खाली बैठकीची खोली आणि वर निजायची. दुसऱ्या टोकाला बटरी आणि पँट्री, म्हणजे पेयांची आणि भाकरी-धान्याची कोठी, त्यांच्यावर आणखी एक खोली. टोकांचे वरचे मजले खालच्या भिंतींच्या पुढे काढलेले, मधला हॉल मागे राहिलेला, आणि तिघांवर मिळून एकच सलग छप्पर. याला वील्डन घर म्हणतात. केंट आणि ससेक्समध्ये साधारण १३८० ते १५३० या काळात अशी घरं भराभर उभी राहिली. वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटन इथल्या वील्ड अँड डाऊनलँड संग्रहालयात असलेलं ‘बेलीफ’ नावाचं शेतघर हे त्यातलं एक प्रसिद्ध घर. ते मूळ केंटमधल्या चिडिंगस्टोनचं; बाऊ बीच जलाशयाच्या पाण्याखाली जाणार होतं म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुटं करून हलवलं. त्याचा हॉल आणि कोठीची बाजू पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची, मालकाची बाजू मात्र सोळाव्याच्या सुरुवातीची. तीन भाग एका छपराखाली दिसले म्हणजे एका दमात बांधले असं धरून चालू नये, हे बेलीफनं सगळ्यांना शिकवलं.

छपराची रचना पुढे घराचं वय सांगते. इथे आढ्याला लाकूडच नाही. वाशांच्या जोड्या माथ्याला एकमेकींत बसवलेल्या. प्रत्येक जोडीला आडवी पट्टी, त्या सगळ्या पट्ट्यांखालून घराच्या लांबीनं जाणारं एक लाकूड, आणि ते लाकूड उचलून धरणारा बुटका खांब: क्राऊन-पोस्ट. हा खांब कैचीच्या आडव्या तुळईवर, टाय-बीमवर, उभा. हॉलच्या मधल्या कैचीतला क्राऊन-पोस्ट खाली बसून वर बघणाऱ्यांसाठी होता, म्हणून त्याला घडवलेला तळ आणि माथा आहे. टोकांतले साधे चौकोनी. क्राऊन-पोस्टचं छप्पर या भागात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर मागे पडतं. त्यानंतर उताराच्या मध्यावर पर्लिन, म्हणजे वाशांना मधून आधार देणारी लांब आडवी लाकडं, घातलेली छपरं येतात, कारण तोवर माळ्याची जागा वापरात आली आणि मधोमध उभा खांब अडचणीचा झाला.

वाशांवर रोमन अंक कोरलेले आहेत. सुतार आपल्या आवारात चौकट जमिनीवर आडवी रचून सांधे बसवत, अंक टाकत, सगळं सोडवून गाडीनं जागेवर नेत आणि पुन्हा उभं करत. चार म्हणजे चार उभ्या रेघा. नऊ आणि अकरा उलट्या बाजूनं वाचताना घोटाळा होतो म्हणून नऊसुद्धा पाचापुढे चार रेघा. आपण प्रत्येक जोडीचा अंक लिहीत जायचं. क्रम मध्येच तुटला की तिथे छप्पर कधीतरी उतरवून पुन्हा चढवलंय. या घरात तसं फक्त कोठीच्या टोकाला झालंय.

माळ्यावरून खाली आलं की भिंतीच्या माथ्यावरून जाणारं लांब लाकूड, वॉल-प्लेट, पकडायचं आणि त्याच्या खालच्या बाजूवर हात फिरवत घर पालथं घालायचं. मला विचाराल तर सगळ्या घरातला सर्वांत वाचनीय भाग हाच. भिंत गेली तरी वॉल-प्लेट जागेवर राहते, कारण तिच्यावर छप्पर टेकलेलं असतं. आणि तिच्यातल्या रिकाम्या खाचा भिंतीत पूर्वी काय होतं ते सांगतात. लांबट खाच आणि शेजारी खुंटीचं भोक म्हणजे तिथे उभं लाकूड होतं. ठरावीक अंतरावर गिरमिटानं पाडलेली गोल भोकं म्हणजे कुडाचे दांडे; खालच्या आडव्या लाकडात त्यांच्यासाठी सलग खोबण असते, दांडा वर भोकात घुसवून खाली खोबणीत सरकवला जातो. आणि चौकोनी खाचा जर कोनावर, शंकरपाळ्यासारख्या, ओळीनं आल्या तर ती बिनकाचेची खिडकी. त्यांत उभे दांडे असत, कोपरा बाहेर करून. आतून सरकत्या झडपेची अरुंद खोबण त्या खाचांच्या मागे सापडते. हॉलच्या मागच्या भिंतीत अशा खाचा बऱ्याच उंच खिडकीच्या निघाल्या. आज तिथे अर्ध्या उंचीवर मजला आहे आणि वर कपाट.

वॉल-प्लेट एकाच लाकडाची नसते, दोन लाकडं जोडून लांबवलेली असते. त्या सांध्याचं चित्र काढणं चुकवू नये. जुन्या सुतारकामाचे अभ्यासक सेसिल ह्यूएट यांनी एसेक्समधल्या इमारतींवर काम करून दाखवलं की लांबी वाढवायचे सांधे काळानुसार बदलतात. इथे लाकूड कडेनं निम्मं कापून एकमेकांवर बसवलंय, दोन्ही टोकांना जीभ काढून दुसऱ्यात अडकवलीय, आणि आरपार खुंट्या मारल्यात. हा पंधराव्या-सोळाव्या शतकातला नेहमीचा सांधा. सोळाव्याच्या अखेरीपासून लाकूड कडेऐवजी सपाट बाजूनं निम्मं करायची पद्धत येते. सांध्यावरून वीस-तीस वर्षांचा अंदाजही धाडसाचाच, पण ढोबळ काळ सहसा चुकत नाही.

खांबाच्या माथ्याकडेही थांबून पाहावं. चौकटीचा प्रत्येक मुख्य खांब वर जाताना रुंद होतो. झाड उलटं उभं करून बुंध्याकडची जाड बाजू वर घेतलेली असते, कारण त्या एका जागी वॉल-प्लेट आणि टाय-बीम दोघांसाठी खांबाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची जीभ, हवं. वॉल-प्लेट खांबाच्या बाहेरच्या अर्ध्यावर बसते, टाय-बीम तिच्यावरून येऊन खांबाच्या आतल्या अर्ध्यातून निघालेल्या कुसवावर बसतो, आणि शिवाय खालून कबुतराच्या शेपटीसारख्या खाचेनं वॉल-प्लेटला धरून ठेवतो. छपराचा बाहेरचा रेटा इथे अडवला जातो. कुसू आणि खाच यांची भोकं मुद्दाम किंचित चुकवलेली असतात, म्हणजे पाऊण इंची ओकची खुंटी ठोकली की सांधा आवळला जातो. लाकूड ओलं असतानाच घडवलेलं. ते वाळत जातं तसा सांधा आणखी घट्ट होतो. खुंट्या चौकटीच्या तोंडाकडून मारतात आणि त्यांची शेपटं मागे निघतात, त्यावरून कुठली बाजू दर्शनी होती हे शतकांनंतरही कळतं.

आता मुख्य बदल. उघडी चूल गेली कशी? बऱ्याच घरांत ती एकदम गेली नाही. आधी हॉलच्या एका टोकाचा अरुंद पट्टा कुडानं छपरापर्यंत वेगळा काढला आणि चूल तिथे नेली. हा धूरखण. उरलेला हॉल धुरातून मोकळा झाला. धूरखण ओळखायचा तो काजळीच्या जाडीवरून. या घरात हॉलच्या कोठीकडच्या बाजूला सुमारे साडेपाच फुटांच्या पट्ट्यात वासे नुसते काळे नाहीत, त्यांच्यावर डांबरासारखा चकाकता थर आहे. आणि त्या पट्ट्याच्या कडेचा कूड चूल-बाजूला काळा, तर हॉलकडच्या बाजूला फक्त फिकट पडलेला. कुडामागचे वासे आधीच काजळलेले होते आणि कूड नंतर आला, हे त्याच्या कडेच्या रेषेवर स्पष्ट दिसतं.

नंतर त्याच पट्ट्यात विटांचं धुराडं बांधलं गेलं. जागा आधीच ठरलेली असल्यामुळे ते घराच्या मध्यावर आलं नाही, आणि रस्त्यावरून खटकणारी ती तिरपागडी जागा त्यामुळेच. धुराड्याचं वय विटांवरून काढताना एक वीट मोजून भागत नाही. हातानं थापलेल्या विटा कमीजास्त असतात. दहा विटांची लांबी, रुंदी, जाडी घ्यायची आणि चार थरांची उंची मधल्या चुन्याच्या दर्जांसकट मोजायची. लंडनच्या कौलकाम-वीटकाम करणाऱ्यांच्या संघटनेच्या, टायलर्स अँड ब्रिकलेयर्स कंपनीच्या, सोळाव्या शतकातल्या नियमांत वीट ९ इंच लांब आणि सव्वादोन इंच जाड ठरवलेली. १७७७च्या कायद्यात साडेआठ बाय ४ बाय अडीच इंच. आमच्या धुराड्याच्या विटा दोन ते सव्वादोन इंच जाड, दर्जा रुंद, चुन्यात न विरघळलेले पांढरे खडे. म्हणजे सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा सतराव्याची सुरुवात. आढ्याच्या वरचा भाग मात्र पुढे कधीतरी नव्यानं चढवलेला, त्याच्या विटा अडीच इंचांच्या. धुराड्याचं डोकं पावसा-थंडीनं सगळ्यांत आधी ढिलं होतं, त्यामुळे रस्त्यावरून दिसणाऱ्या विटांवरून धुराड्याचं वय ठरवू नये.

चुलाण्यावरची ओकची तुळई नऊ फूट लांब. तिच्यावर अश्रूच्या थेंबासारखे जळके डाग आहेत. हे मेणबत्ती कलंडून झालेले अपघात नव्हेत. ज्योत एका कोनात बराच वेळ धरल्याशिवाय असा खोल, टोकदार डाग पडत नाही. शेजारी कंपासनं कोरलेलं सहा पाकळ्यांचं फूल. धुराड्याच्या उघड्या तोंडातून घरात काही वाईट शिरू नये म्हणून अशा खुणा केल्या जात, असं साधारण मानलं जातं. आम्ही त्यांची जागा, उंची आणि माप नोंदवतो, अर्थ लावण्यात फार वेळ घालवत नाही.

धूर धुराड्यात बंद झाला की हॉलवर मजला टाकायला कोणाची हरकत उरत नाही. टोकांच्या खोल्यांतल्या मूळ कड्या रुंद आणि सपाट टाकलेल्या, साधारण ८ इंच रुंद आणि ६ इंच जाड. हॉलवरच्या कड्या उभ्या टाकलेल्या, रुंदीपेक्षा खोली जास्त. उभी कडी कमी लाकडात जास्त वजन घेते, हे सुतारांना उशिरा पटलं. हॉलच्या मधून जाणाऱ्या मोठ्या तुळईच्या कडा तासलेल्या आहेत आणि तास टोकाशी संपताना त्याला कोकराच्या जिभेसारखा बाक दिलाय. सोळाव्याच्या उत्तरार्धात आणि सतराव्या शतकात ही तऱ्हा या भागात घरोघर दिसते. पण तुळईचं दुसरं टोक जिथे मालकाच्या बाजूच्या भिंतीला मिळतं, तिथे त्याच्यासाठी जुन्या नक्षीदार आडव्या तुळईत सरळ खड्डा खणलाय. नक्षी आधीची, खड्डा नंतरचा. दोन गोष्टींमध्ये कोणी कोणाला कापलंय, हा प्रश्न प्रत्येक सांध्यापाशी विचारत राहिलं की बदलांचा क्रम आपोआप लागतो. तारखा नंतर शोधता येतात.

कागदपत्रं इथे उपयोगी पडतात. सोळाव्या शतकापासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत माणूस वारला की शेजारी त्याच्या सामानाची खोलीवार यादी करत. केंटच्या अशा याद्या मेडस्टोनच्या अभिलेखागारात भरपूर आहेत. यादीत ‘हॉलवरची खोली’ असे शब्द आले की मजला पडलेला. ते शब्द नाहीत म्हणून मजला नव्हता असं मात्र म्हणता येत नाही. रिकामी खोली यादीत येत नसे. याद्यांत माणसाचं आणि पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचं, नाव असतं, घराचं सहसा नसतं, त्यामुळे यादी याच घराची हे खरेदीखतांवरून किंवा जहागिरीच्या न्यायालयाच्या नोंदींवरून सिद्ध करावं लागतं. १८३६च्या कायद्यानंतर तयार झालेल्या टाइथ, म्हणजे चर्चच्या दशमांशाच्या, नकाशांत मात्र मालक, वहिवाटदार आणि प्लॉट नंबर एकत्र मिळतात. तिथून मागे मागे जाणं बरं.

मजला टाकल्यावर जो घोळ होतो तो वरच्या मजल्यावर दिसतो. टाय-बीम आता छातीच्या उंचीवर आडवा येतो. एका खोलीतून दुसरीत जायचं कसं? बहुतेकांनी तिरके आधार काढून टाकले आणि वाकून जायला सुरुवात केली. काहींनी टाय-बीमच कापून दार केलं. या घरात दुसरा प्रकार. कापलेला टाय-बीम म्हणजे छपराचा रेटा अडवणारा हातच तोडलेला: वॉल-प्लेटा बाहेर सरकतात, वासे मध्ये बसतात, आढं म्हाताऱ्या घोड्याच्या पाठीसारखं मध्ये खाली झुकतं. ओळंबा सोडला तर मागची भिंत वरच्या टोकाला पावणेपाच इंच बाहेर गेलेली. हा वाक जुना आहे की चालू आहे, हे आधी ठरवायचं. भेगांच्या कडा काळवंडलेल्या आणि धुळीनं भरलेल्या असतील तर जुना. गिलाव्याची भेग ताजी, पांढरी असेल तर चालू. शंका असेल तर भेगेवर मापपट्टी बसवून एक पूर्ण वर्ष वाट पाहायची, कारण ओक आणि खालची चिकणमाती दोन्ही ऋतूंप्रमाणे हलतात. दुरुस्ती म्हणजे कापलेल्या तुळईच्या दोन टोकांना पोलादी पट्ट्यांनी, दाराच्या डोक्यावरून किंवा जमिनीखालून वळसा घालून, पुन्हा जोडणं. भिंत ओढून ओळंब्यात आणायचा हट्ट धरू नये. सांधे त्या वाकलेल्या स्थितीत स्थिरावलेले असतात. ओढले की दुसरीकडे फुटतात.

दर्शनी विटांची भिंत ही त्यापुढची भर. टोकांचे पुढे आलेले मजले आणि मागे राहिलेला हॉल यांच्यामध्ये जी खाच होती, ती भरून सगळी दर्शनी भिंत एका रेषेत आणली. आत हॉलच्या खोलीला सुमारे दीड फूट जागा जास्त मिळाली. जुनी चौकट विटांमागे तशीच उभी आहे. खिडकीच्या बाजूला गिलाव्याचा एक तुकडा निघाला तिथे खांबाचा कोपरा दिसतो. मागच्या अंगाला विटांचा खर्च केलेला नाही. तिथे वरच्या मजल्यावर पट्ट्या ठोकून सपाट कौलं लटकवलीत आणि खाली छप्पर लांबवून पडवी काढलीय, उत्तरेकडे, दूध-लोण्यासाठी. कौलं जवळपास साडेदहा बाय साडेसहा इंचांची. कौलाच्या मापाचा पहिला कायदा १४७७चा, त्यात साडेदहा बाय सव्वासहा. छपरावर ४ इंचांच्या अंतरानं लावली की चौरस मीटरला साधारण ६० लागतात, आणि त्या वजनामुळे खालचा प्रत्येक वाकडा वासा महत्त्वाचा ठरतो.

दर्शनी भिंतीतली एक खिडकी विटांनी बुजवलेली आहे. येणारा प्रत्येक पाहुणा खिडकी-कराचं नाव घेतो. खिडक्या मोजून घेतला जाणारा हा कर खरा होता, १६९६ ते १८५१. पण या खिडकीमागे धुराडं आहे. ती कधी उघडी नव्हतीच. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून बांधतानाच बुजलेली बांधली. खिडकी-करावर ढकललेल्या निम्म्या गोष्टी अशाच निघतात.

एकोणिसाव्या शतकात शेतं एकत्र झाली, मालक दुसऱ्या घरी गेला आणि जुन्या शेतघरात मजुरांची बिऱ्हाडं आली. दोन जिने, दोन चुली, हॉलच्या मधून पातळ भिंत, मागे दुसरं दार. विसाव्या शतकात पुन्हा एक घर झालं आणि नव्या मालकांना लाकूड दिसायला हवं होतं. गिलावा खरवडला, लाकडं वाळू मारून घासली, काळा रंग फासला. हे काळं लाकूड आणि पांढरी भिंत पुष्कळांना ‘मूळ’ वाटतं. वील्डमध्ये ओक बहुधा तसाच सोडलेला असे आणि राखाडी पडत असे. वाळूच्या माऱ्यानं लाकडाबरोबर खुणाही गेल्या. आमच्या नोंदीत खालच्या मजल्यावर सुतारांच्या खुणा जवळजवळ नाहीत त्या त्यामुळेच.

खरं नुकसान सिमेंटनं केलं. मागच्या भिंतीच्या पायथ्याला कूड आणि तळपट्टीवर, म्हणजे चौकटीच्या तळाच्या आडव्या लाकडावर, सिमेंटचा गिलावा आहे. चौकट ऋतूप्रमाणे हलते, सिमेंट हलत नाही. केसाएवढी भेग पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. गिलाव्यामागची तळपट्टी हातानं भुगा होते. त्यात डेथ-वॉच किडा येतो, त्याची भोकं सुमारे ३ मिलिमीटरची. १-२ मिलिमीटरची असतील तर साधा फर्निचर-किडा. औषध फवारण्यात अर्थ नाही, ओल थांबवली की किड्याचं जमत नाही. ओकच्या दांड्यात ओलमापकाच्या सुया टोचून आलेल्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. भिंतीतले क्षार आकडा फुगवतात. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दाबून पाहिलं तर जास्त कळतं.

दुरुस्तीचा क्रम असा: बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर चढली असेल तर खाली घ्यायची, सिमेंट काढायचं, चौकटीला टेकू द्यायचे, तळपट्टीचा कुजलेला भागच कापायचा आणि ओकचा नवा तुकडा सांधा करून बसवायचा. कुडाचे दांडे चांगले असतील तर ठेवायचे. माती, शेण आणि चिरलेल्या पेंढ्याचं लिंपण जुनंच भिजवून पुन्हा वापरता येतं. वर चुन्याचा गिलावा, एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग खरखरीत वाळू आणि केस, पातळ थरांत. घाई केली, ऊन-वारा लागू दिला किंवा थंडी पडायच्या तोंडावर काम काढलं की तडकतो. आत-बाहेर रंग चुन्याचाच. प्लास्टिक रंगाचा एक हात वरच्या सगळ्या खटाटोपावर पाणी फिरवतो.

हे सगळं करायला परवानगी लागते. घर संरक्षित वास्तूंच्या सूचीत असेल तर १९९०च्या कायद्याप्रमाणे त्याच्या वैशिष्ट्याला धक्का लावणारे आतले बदलसुद्धा परवानगीशिवाय करणं गुन्हा, आणि कारवाईला मुदतीची मर्यादा नाही; आधीच्या मालकानं केलेलं काम नव्या मालकाला निस्तरावं लागू शकतं. मोजणीचा अहवाल अर्जाबरोबर जोडतात. त्यात १:५० मापाचे दोन्ही मजल्यांचे आराखडे, प्रत्येक कैचीचा छेद, घराच्या लांबीचा एक छेद, सांध्यांची १:१० किंवा त्याहून मोठी चित्रं, आणि टप्प्यांप्रमाणे रंग. रंग देताना जिथे पुरावा नाही तिथे रिकामं सोडायचं.

झाडाच्या वार्षिक वलयांवरून लाकडाची तारीख काढायचा प्रयत्न इथे अपुरा पडला. पोकळ गिरमिटानं बोटाएवढ्या जाडीची कांडी काढतात आणि वलयांच्या रुंदीचा क्रम ज्ञात क्रमाशी ताडून पाहतात. त्यासाठी साधारण ५० तरी वलयं हवीत. हॉलचे वासे आणि खांब भराभर वाढलेल्या तरुण ओकचे, त्यात तेवढी नव्हती. चुलाण्यावरच्या तुळईत होती, पण तिच्यावरचं बाहेरचं, सालीलगतचं कच्चं लाकूड तासून गेलेलं. दक्षिण इंग्लंडच्या ओकमध्ये कच्च्या लाकडाची वलयं ९ ते ४१ धरतात, त्यामुळे कच्च्या-पक्क्याची सीमा शिल्लक असली तरच वर्षांचा पट्टा मिळतो, आणि साल शिल्लक असेल तर तोडीचा ऋतूसुद्धा. पुढे कोणी तळपट्टीचा तुकडा बदलेल तेव्हा काढलेलं लाकूड जळणात न घालता त्याची एक चकती कापून, जागा आणि दिशा लिहून, कोरड्या खोलीत ठेवायला सांगितलं आहे. अहवालाची एक प्रत मालकाकडे, एक काउंटीच्या ऐतिहासिक नोंदसंग्रहात, आणि माळ्यावरच्या दाराच्या आत वाशांच्या अंकांचा नकाशा प्लास्टिकच्या पाकिटात चिकटवलेला, वायरिंग करायला येणारा माणूस भोक पाडण्याआधी पाहील या आशेनं.